जिल्ह्याचा निकाल अन् उसातली लेकरं

संपादक साहेब, नमस्कार.

आफ्रिकेतल्या युगांडाच्या शाळांबद्दल वाचत होतो. तिथं सातवीनंतर पीएलई नावाची, म्हणजे प्राथमिक शाळा संपतानाची, सरकारी परीक्षा असते, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असे चारच पेपर. प्रत्येकाला 1 ते 9 ग्रेड अन् गंमत म्हणजे आकडा जितका कमी तितकं पोरगं हुशार, बेरीज 4 आली की सगळ्यात वर, 36 म्हणजे एकदम तळ. 1997 पासून तिथं प्राथमिक शाळा फुकट केली, पटावर लेकरं भरमसाठ वाढली पण मास्तर अन् वर्गखोल्या काय त्या मानानं वाढल्या नाहीत. मग खेड्यातला जिल्हा मागं पडला की बोलणी कुणाला, मास्तरलाच!

हे वाचून आपलंच वाटलं कारण तिथल्या बुसोगा भागात पण ऊस आहे अन् लेकरं शाळा सोडून फडात जातात. परीक्षा नोव्हेंबरात, आमच्या बीडकडं त्याच दिवसात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझ्या पाचवीतली एक पोरगी शिष्यवृत्तीचं पुस्तक दप्तरात घालून ट्रकात बसली, एप्रिलात आली तर भागाकार विसरलेली, पुस्तकाला पाचटाचा वास अन् हातावर पात्याचे ओरखडे. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला तीच सांभाळायची म्हणे.

तुम्ही जिल्ह्याच्या निकालाचे टक्के छापता ते ठीकय, पण शेजारी हंगामात किती लेकरं वर्गात नव्हती तो आकडा पण छापा ना. हजेरीपटावर असतोच तो, खरा लिहिला असला तर.

– एक रिटायर गुरुजी, बीड जिल्हा