मा. आरोग्यमंत्री, बंदीने बिडी सुटत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

सोलापुरातल्या एका सरकारी केंद्रावर बिडी सोडवायला चावायचा निकोटिनचा गम 'पुढच्या आठवड्यात' येणार होता. पावसाळा सरला, तरी तो आठवडा उगवला नाही. परवा पुन्हा तेच उत्तर मिळालं, म्हणून हे जाहीर पत्र.

२०१९ साली केंद्र सरकारने ई-सिगारेट बंद केली. विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. उत्तम. पण लोक त्यातून काय समजले? कॉलेजची पोरं म्हणतात, 'नुसती वाफ आहे.' यंत्रमागवाला म्हणतो, 'सरकारनं ती बंद केली, बिडी नाही. म्हंजे बिडी बरी.'

दोघेही चुकतात. ई-सिगारेटच्या ५ टक्क्यांच्या २ मिलि द्रावात १०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. तंबाखू जळत नाही म्हणून डांबर नाही, हे खरं. व्यसन मात्र तेच. तिच्यातली द्राव शोषणारी वात कोरडी पडून तापवणारी कॉइल जास्त तापली की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. त्यात इथला सगळा माल चोरबाजारातला. आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि बिडी? तेंदूपानातून हवा खेळत नाही, ती सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात. 'पाल्याची आहे' म्हणून ती औषधी होत नाही, साहेब.

आता गमचं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. हळू चावायचा, तोंडात झणझणलं की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नाही. हे कोणी सांगत नाही. रात्रपाळीचा माणूस कटिंगवर कटिंग घेत तो बबलगमसारखा चघळतो, निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं. 'गम लागू पडत नाही' म्हणून पुन्हा बंडल! बिडी सोडल्यावर सकाळी पोट साफ होत नाही ही तक्रार वेगळीच. तीही काही आठवड्यांत जाते. पाणी वाढवायचं, भाकरी-पालेभाजी खायची.

दिवसाला दहा धरले तरी पहिल्या सहा आठवड्यांना माणशी ४२० गम. बिडीच्या बंडलापेक्षा गमची पट्टी महाग. हातावर पोट असलेला ती विकत घेईल? २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिन आहे, म्हणजे यादी आवश्यक आणि औषध ऐच्छिक! रिकाम्या कपाटासमोर बसून समुपदेशन करायचं आणि लोकांच्या शिव्या आम्ही खायच्या.

तुमच्या बंद्यांचं कौतुक किती करावं? गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे. टपरीवर विचारून पाहा. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू न विकण्याचा नियम कोणत्या टेपने मोजता? बिडी वळणाऱ्या बायकांना दुसरं काम देण्याचं भाषण दर निवडणुकीत होतं, आणि निकाल लागला की पुन्हा तेच सूप, तीच तंबाखू.

मागणी साधी आहे. दोन्ही मात्रांचे गम प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात ठेवा, ते चावायचे कसे हे मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये छापा, आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा क्रमांक पाकिटाबरोबर टपरीवरही दिसू द्या. ३१ मेची, तंबाखूविरोधी दिनाची शपथ आम्हाला पाठ आहे. त्या दिवशी फलकाऐवजी गमची खोकी पाठवा.

आपले,
सोलापुरातले काही तंबाखूमुक्ती समुपदेशक