पहिला ट्रॅक आईचा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापून पाठवतेय. फोनवर सांगायला गेलं की बाबा 'हो हो, कळलं' म्हणतात, आई मागून 'काय म्हणतेय ती?' विचारते आणि निम्मं हवेत जातं. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर सांगायचा धीर होईना. ती आधी सांगून टाकते.

भाऊबिजेला माजघरात बसून आईच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या ना, त्या गेल्या. आई, तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा 'कामात आहे गं, पाठवते' म्हटलं. पाठवायला माझ्याकडे काही नव्हतंच.

झालं असं. निघायच्या दिवशी एसटीची वेळ होत आलेली, म्हणून घाईत रेकॉर्डर लॅपटॉपला लावला आणि 'कॉपी' करायच्या ऐवजी 'कट' केलं. फायली जात असताना माझा पाय वायरीत अडकून ती निघाली. पुण्यात येऊन परत लावलं तर यंत्र म्हणालं, कार्ड वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का? मी 'हो' दाबलं. इथवरही सगळं गेलं नव्हतं. फॉर्मॅट केलं तरी वरची यादी तेवढी पुसली जाते, आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो. पण सोमवारी त्याच कार्डावर मी ऑफिसची दोन तासांची मीटिंग रेकॉर्ड केली. आईच्या ओव्यांवर आमच्या साहेबांचं भाषण! नंतर एका दुकानात कार्ड दिलं, पैसे मोजले, पण हाती आलं ते तुटक-तुटक.

त्यातली एकच फाईल धड आहे, चाळीसेक सेकंदांची. तिच्यात आईचा एक शब्द नाही. पेटीचा भाता हलतोय, बाबा खाकरताहेत आणि म्हणताहेत, 'काळी एकमध्ये घे, काही होत नाही.'

ती मी बऱ्याच वेळा ऐकली. आधी हसू आलं, मग जरा रागच आला. बाबा, तुमची पट्टी, म्हणजे तुमचा सा, पेटीच्या काळी एकवर. भजनी मंडळाला ती बरोबर आहे, सगळे बाप्येच. आईचा गळा काळी चारला मोकळा होतो. इतकी वर्षं ती तुमच्या पट्टीत खाली उतरून गातेय आणि मग आपणच म्हणतो, हिचा आवाज आता लागत नाही. म्हणून या वेळी रीत बदलायची. रेकॉर्डर तुमच्याकडेच ठेवायला पाठवतेय, चालवायचा तुम्ही, पण पहिला ट्रॅक आईचा.

ट्रॅक म्हणजे काय ते सांगते. या रेकॉर्डरमध्ये चार ट्रॅक आहेत. एकाच गाण्याच्या चार वेगवेगळ्या वह्या म्हणा. पहिल्या वहीत आईनं एकटीनं गायचं. ते झालं की बाबांनी हेडफोन घालून तिचं गाणं ऐकत-ऐकत दुसऱ्या वहीत पेटी वाजवायची. दोन्ही आवाज वेगळे राहतात आणि ऐकताना एकत्र येतात. पेटी मोठी झाली तर मी इथं बसून तिचा आवाज कमी करू शकते. दिवाळीत एकाच माइकसमोर दोघं बसलात, त्यात पेटी आईच्या गळ्यावर चढली होती. ते नंतर वेगळं करता आलंच नसतं. हेडफोन मात्र घालायचेच. स्पीकरवर लावून वाजवलंत तर आईचा आवाज पेटीच्या वहीतही शिरेल आणि मग सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

एक धोक्याची जागा. दुसरा ट्रॅक भरताना पहिल्यापुढचा लाल दिवा विझलेला हवा. तो पेटलेला राहिला तर नवं त्याच ट्रॅकवर जाईल. जुनं पुसू नये अशी सोय मी सेटिंगमध्ये केलीय, दर वेळी नवी फाईल होते. तरीही बघून घ्या. माझ्या सोयींवर आता माझाच फार विश्वास नाही.

लाल गोल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. तेव्हा यंत्र फक्त तयारीत असतं, रेकॉर्ड होत नसतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि आकडे पळायला लागतात. आकडे पळताहेत का, एवढं बघा. एक बटणही चालेना तर रेकॉर्डर बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. बाजूची 'होल्ड'ची खिट्टी सरकलेली असते. आणि कार्ड 'लॉक' असं दाखवलं तर कार्डाच्या कडेला नखाएवढी पांढरी खिट्टी आहे, ती वर सरकवा.

आवाजाची पट्टी पडद्यावर हलते. आईनं वरचा स्वर लावला की ती उणे 12 च्या आसपास यायला हवी. बाबा, तुमच्या जुन्या टेपवर काटा थोडा लाल भागात गेला तरी चालायचं, टेप सांभाळून घ्यायची. इथं शून्याच्या वर काही नाहीच. आवाज तिथं गेला की वरून कापला जातो, फाटल्यासारखा ऐकू येतो, आणि तो नंतर शिवता येत नाही. हळू असेल तर वाढवता येतो. तेव्हा कमीच ठेवा.

आता जातं. जिन्याखालचं जातं बाहेर काढा. आई, तू एकटी त्याला हात लावू नकोस, वरच्या मुलाला बोलव. रिकामं फिरवू नका, मूठ-मूठ गव्हाची वैरण घाला. बाबा, हे तुम्हाला आवडणार नाही, पण आईच्या समोर खुंट्याला तुमचा हात पाहिजे. तिच्या गुडघ्यांना एकटीनं ओढणं जमायचं नाही. फक्त वेग तिचा. ओवी तालात बसवलेली नसते, ती घरघरीवर बसते. हात पुढं जाताना एक ओळ, मागं येताना दुसरी, श्वास संपला की वैरण. दिवाळीत तिला खुर्चीवर बसवून, जातं नसताना गायला लावलं, म्हणून ती मधे-मधे विसरत होती. शब्द हातात असतात तिच्या. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही मी इथं ऐकल्या. बाया गाताहेत, मागं दगडाची घरघर. ती घरघर काढून टाकली असती तर गाणं अर्धं राहिलं असतं. म्हणून रेकॉर्डरवर 'लो कट' नावाची जी सोय आहे ती बंदच ठेवा. ती पंख्याची घुमघुम कापते, पण त्याबरोबर जात्याचा खर्जही जातो. त्यापेक्षा पंखाच बंद करा. फ्रिजही. पुन्हा चालू करायला विसराल, म्हणून दुधाचं पातेलं बाहेर ओट्यावर ठेवा. ते दिसलं की आठवेल.

पहाटेच बसा. गावभागात एकदा दुधाच्या गाड्या सुरू झाल्या की संपलं. देवळातली घंटा आली तर येऊ द्या, तिच्यासाठी थांबवू नका. रेकॉर्डर फरशीवर ठेवला तर जात्याचा हादरा त्यात शिरेल. सतरंजीची चौपदरी घडी घालून तिच्यावर ठेवा, आईपासून हातभर, तोंड तिच्या हनुवटीकडे.

पेटीची एक अडचण मला आत्ताच दिसतेय. आई सूर न घेता सुरू करेल, तेव्हा तिचा सा काळी चारवरच पडेल असं नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कुठं तरी पडला तर पेटी काय करणार? तिचे सूर ठरलेले. तिथं तंबोरा लागतो, त्याची तार कुठंही थांबवता येते. भिंतीवरचा तंबोरा उतरवा, बाबा. मिरजेला नेऊन जवारी काढून आणा, तारांखालची घोडी घासली की आवाज मोकळा होईल. खोळ न काढता किती वर्षं टांगलाय! मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्हीच मला पेपरचं कात्रण पाठवलं होतंत, 'आपल्या घरात आहे' असं वर लिहून. घरात आहे खरा, पण वाजत नाही. दुसऱ्या ट्रॅकवर तंबोरा आणि वाटलीच तर तिसऱ्यावर पेटी, बेतानं.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकडीच्या एका बाजूच्या तीनेक मिनिटांत अख्खा राग मांडला, हे तुमचं नेहमीचं. तुमच्याकडे तीन मिनिटांची घाई नाही. कार्ड 32 जीबीचं आहे. चांगल्या दर्जात, म्हणजे वेव्ह फायलीत, मिनिटाला 10 एमबीच्या थोडी वर जागा लागते, तासाला साधारण 635. पन्नास तास मावतं. एमपी थ्री करू नका. ते मिनिटाला 1 एमबीत बसतं, पण आवाजातलं बरंच गाळून. मूळ दस्त आणि झेरॉक्स यांतला फरक तुम्हाला मी काय सांगायचा? अडतीच्या दुकानात जन्म काढलात.

म्हणूनच फायली उतरवायचं काम आईपेक्षा तुमचं. पिशवीत दोन वायरी आहेत. लाल दोरा बांधलेलीच वापरा. दुसरी नुसती चार्जिंगची आहे, तिच्यातून माहिती जात नाही. लॅपटॉपला लावलं की रेकॉर्डर विचारेल, 'स्टोरेज' की 'ऑडिओ इंटरफेस'. स्टोरेज. मग कॉपी. कट हा शब्द आपल्या घरात आता नको. लॅपटॉपवर आलेली प्रत उघडून शेवटपर्यंत ऐका, सुरुवात ऐकून भागत नाही. मग तीच निळ्या पेनड्राइव्हवर. 'इजेक्ट' म्हटल्याशिवाय वायर काढायची नाही. आणि कार्ड रिकामं करायचं ते दोन प्रती झाल्यावर, रेकॉर्डरमधूनच, लॅपटॉपवरून नाही. खतावणीत उतरवल्याशिवाय रोजकीर्दीचं पान तुम्ही कधी फाडलंत का? तसंच. एक जुनी वही घ्या: तारीख, फाईलचा नंबर, कोण गायलं, ओवी कुणाकडून आली. यंत्र फायलींना नुसते आकडे देतं. 'माहेरची, आजीकडून' हे त्याला माहीत नसतं.

मला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोन रेकॉर्डरजवळ धरून व्हॉइस मेसेज करू नका, आई, तू तसं करतेस.

कॅसेटी राहिल्याच. माळ्यावरच्या कोरड्या आहेत, त्या घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून काळी वायर रेकॉर्डरच्या 'लाइन इन'मध्ये, टेपचा आवाज निम्म्यावर. लावण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पुढं आणि एकदा मागं पूर्ण फिरवा, इतकी वर्षं फीत चिकटून बसलीय. 60 ची कॅसेट उतरायला तासच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. एक बाजू झाली की नवी फाईल करा.

ट्रंकेतल्यांना मात्र हात लावू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्या दिवसांत त्या पाण्यात होत्या. तुम्ही त्या उन्हात वाळवल्यात, दिसतात बऱ्या, पण फितीवर कृष्णेचा गाळ बसलेला असणार. लावल्या तर टेपचं हेडही खराब होईल आणि फीतही सोलली जाईल. त्यांत काय आहे तेवढं आठवून वहीत लिहा. मावशीच्या मंगळागौरीची एक होती, हे मला आठवतंय.

आई, रागावली असशील तर गाण्याआधी रागावून घे. लाल दिवा स्थिर झाल्यावर रागावलीस तर तेही येईल त्यात, आणि मी ते पुसणार नाही.

रेकॉर्डर शनिवारी दादाबरोबर येतोय. पेन्सिल सेल चार आहेत, दोन घालायचे, दोन जादा. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर आत पाझरतात. दादा परत निघताना भडंग द्याल, ते द्याच, पण रेकॉर्डरच्या रिकाम्या खोक्यात नको. मागच्या वेळी चार्जरला आठवडाभर लसणाचा वास येत होता.

तुमची,
धाकटी