‘आर.टी.ओ.’ या एका ओळीखाली घेतलेल्या १,०३,००० रुपयांचा हिशेब मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग (मोटार उत्पादक कंपनी)

विषय : आपल्या अधिकृत विक्रेत्याने वाहन नोंदणीच्या नावाखाली जादा घेतलेली रक्कम परत मिळणे व नोंदणीतील मोबाइल क्रमांक दुरुस्त होणे.

महोदय,

आज दुपारी आपल्या हेल्पलाइनवरील प्रतिनिधींनी, माझे वाक्य अर्धवट असतानाच, ‘आपला दिवस शुभ असो’ असे म्हणून फोन ठेवला. त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. गाडीचा प्रकार, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि बीजक आपल्या संगणकावर आहे, तेव्हा ते सारे पुन्हा लिहीत नाही. गाडी उत्तम आहे. माझी तक्रार कोटेशनमधल्या ‘आर.टी.ओ.’ या तीन अक्षरांच्या ओळीबद्दल आहे, जिच्यासमोर १,०३,००० रुपये असा गोल आकडा लिहिलेला आहे.

गणेशोत्सवात गाडी बुक केली तेव्हा तिची शोरूम किंमत ८,४०,००० रुपये होती. महाराष्ट्रात खासगी व्यक्तीच्या नावावर होणाऱ्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर एकरकमी कर ११ टक्के आहे, म्हणजे ९२,४०० रुपये. त्यात कराबरोबर आकारला जाणारा रस्ता सुरक्षा उपकर आणि किरकोळ शुल्क मिळवले तरी १,०३,००० होत नाहीत. हे मी तेव्हाच विचारले होते. ‘मॅडम, हा अंदाज आहे, शेवटी पावतीप्रमाणे कमी-जास्त करतो,’ असे उत्तर मिळाले. ‘जास्त’ झाले असते तर त्यांनी ते आठवणीने घेतले असते याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यासोबतचा भरपाई उपकरही गेला. आपण त्याच्या पानभर जाहिराती दिल्या, शोरूमच्या दारावर फलक लागला आणि माझ्या गाडीची किंमत ७,६८,४०० रुपये झाली, याबद्दल माझे अभिनंदनही करण्यात आले. किंमत उतरली की तिच्यावरचा ११ टक्के करही उतरतो, हे सातवीतल्या मुलालाही सांगावे लागत नाही. तो ८४,५२४ रुपये झाला. परंतु आपल्या विक्रेत्यांनी सुधारून दिलेल्या कोटेशनमध्ये गाडीची किंमत तेवढी बदलली होती आणि ‘आर.टी.ओ.’समोर पूर्वीचाच १,०३,००० चा आकडा तसाच्या तसा उभा होता. तो पूर्ण भरल्याशिवाय दसऱ्याला गाडी मिळणार नाही असे सांगण्यात आल्यामुळे मी तो भरला.

नोंदणी झाल्यावर मी सरकारी पावत्या मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत, म्हणून उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि त्या तिथून घेतल्या. हलक्या खासगी वाहनाचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, बँकेच्या कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये, एकरकमी कर, रस्ता सुरक्षा उपकर आणि टपालखर्च, असे सगळे मिळून सरकारजमा झालेली रक्कम ८९,००० रुपयांच्याही आत आहे. म्हणजे सरकारच्या नावाने माझ्याकडून घेतलेले चौदा हजारांहून अधिक रुपये सरकारकडे गेलेच नाहीत. ते कुठे आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे आणि आजवर शोरूमपासून हेल्पलाइनपर्यंत प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर सोडून बाकी सर्व काही मला सांगितले आहे.

याशिवाय ‘हाताळणी व सुविधा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम घेतली, तिची पावती साध्या कागदावर असून तिच्यावर जी.एस.टी. क्रमांकही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ८१ च्या तक्त्यात या नावाचे शुल्क मला सापडले नाही. ‘नंबर प्लेट व स्टिकर’ म्हणूनही पैसे घेतले, वास्तविक १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर पाटी आणि काचेवरचे तिसरे नोंदणी चिन्ह, म्हणजे तोच स्टिकर, उत्पादकानेच वाहनासोबत द्यावयाचे आहे. ते उत्पादक आपणच आहात, तेव्हा माझ्यापेक्षा आपल्याला ते जास्त ठाऊक असणार. विमा बाहेरून घेतला तर ‘पासिंग अडकेल’ असेही सांगण्यात आले होते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा लागतो, तो कोणाकडून घ्यायचा हे मात्र मालकाने ठरवायचे असते. त्या विषयात मी आत्ता शिरत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. कंपनीच्या सूचनेनुसार हा फोन ‘सेवा सुधारण्यासाठी’ ध्वनिमुद्रित होत होता, तेव्हा मी लिहिते ते आपल्याला पडताळून पाहता येईल.

मी विचारले, ‘१,०३,००० पैकी सरकारजमा किती झाले आणि उरलेले कोणाकडे आहेत?’ त्यावर प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, सर आहेत का घरी?’ मी विचारले, ‘कोणते सर?’ ते म्हणाले, ‘म्हणजे गाडीचं जे बघतात ते. त्यांना फोन देता का? हे पासिंगचं, टॅक्सचं जरा किचकट असतं, मी त्यांना नीट समजावतो.’ मी सांगितले की गाडी माझ्या नावावर आहे, कर्ज माझ्या नावावर आहे, वाहन चालवण्याचा परवाना घरात माझ्या एकटीकडे आहे आणि पतसंस्थेत हिशेब तपासणे हे माझे रोजचे काम आहे, जिथे चहाच्या खर्चाचेही व्हाउचर नसेल तर तो मी मंजूर करत नाही. त्यावर थोडा वेळ शांतता झाली आणि मग पुन्हा, अतिशय गोड आवाजात, ‘ते बरोबर आहे मॅडम, पण सर आहेत का?’

सर, म्हणजे माझे यजमान, होते. ते समोर मेथी निवडत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘माझ्या नावावर सायकलसुद्धा नाही, जे काय असेल ते त्यांच्याशीच बोला.’ इथे कोणीही शहाण्या माणसाने आवरते घेतले असते. आपल्या प्रतिनिधींना मात्र घरात पुरुषाचा आवाज ऐकून इतका दिलासा मिळाला की त्यांनी मला वगळून त्यांच्याशीच बोलणे सुरू केले : ‘सर, तुम्हाला तर कल्पना असेलच. आर.टी.ओ.चं काम म्हणजे वरखर्च आलाच. त्याची पावती कुठे मिळते का? मॅडमना जरा समजावून सांगा.’

महोदय, हे वाक्य आपण पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. आपल्या कंपनीच्या पगारी प्रतिनिधीने, आपल्याच ध्वनिमुद्रित होणाऱ्या फोनवर, ग्राहकाकडून घेतलेले पैसे लाच म्हणून वाटले जातात असे सुचवले, आणि तेही मला नव्हे, तर माझ्या डोक्यावरून माझ्या यजमानांना, जणू दोन जाणकार पुरुष एका अडाणी बाईची समजूत काढत आहेत. आता वस्तुस्थिती अशी की, पूर्ण बांधणीची नवी मोटार हल्ली निरीक्षकासमोर न्यावीच लागत नाही. विक्रेता फॉर्म २०, विक्रीचे फॉर्म २१, योग्यतेचे फॉर्म २२ आणि विम्याची प्रत परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर चढवतो, कर ऑनलाइन भरतो आणि क्रमांक मिळतो. मग हा वरखर्च नेमका कोणाला दिला? संगणकाला? त्याच कार्यालयाच्या खिडकीवर मी स्वतः अर्ज देऊन पावत्या घेतल्या, तेव्हा माझ्याकडे कोणी ठरलेल्या शुल्कापलीकडे एक पैसा मागितला नाही. तेव्हा दुसऱ्याच्या दारात चिखल टाकून आपल्या विक्रेत्याचा गल्ला धुऊन निघणार नाही, हे मी प्रतिनिधींना सांगत होते, तेवढ्यात माझा दिवस शुभ करून फोन बंद झाला.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण मला पावत्या घरबसल्या ऑनलाइन का काढता आल्या नाहीत, त्याचे कारण मला खिडकीवर कळले. नोंदणीच्या वेळी माझ्या वाहनाला जोडलेला मोबाइल क्रमांक माझा नाही. तो शोरूममधल्या एका विक्री प्रतिनिधीचा आहे, आणि तो मुलगा आता ती नोकरी सोडून गेला आहे. म्हणजे माझ्या गाडीचा ओ.टी.पी. त्याला जातो, उद्या ई-चलन झाले तर त्याचा संदेश त्याला जाणार. मी फॉर्मवर माझा क्रमांक स्पष्ट अक्षरांत लिहून दिला होता. मात्र काही फॉर्मवर माझ्याकडून नुसत्याच सह्या घेतल्या होत्या, रकाने ‘आम्ही भरतो’ म्हणून रिकामे ठेवले होते, आणि ते कसे भरले गेले हे आता दिसतेच आहे. शोरूममध्ये विचारले तर ‘मॅडम, सगळ्यांचंच असं टाकतो, काम लवकर होतं’ असे निरागस उत्तर मिळाले. सगळ्यांचेच! म्हणजे त्या मुलाच्या खिशात किती मोटारमालकांची चावी आहे, याचा शोध आपण स्वतःसाठी तरी घ्यावा.

पाटीचे तर वेगळेच. दसऱ्याला हार घालून, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढण्यात आला, तेव्हा गाडीला ना कायमचा क्रमांक होता ना तात्पुरता. पुढे-मागे ‘अप्लाइड फॉर’ असे छापलेले कागद चिकटवले होते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४१ नुसार त्याच राज्यातल्या विक्रेत्याने नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज स्वतः करायचा असतो आणि नोंदणी क्रमांक लागल्याशिवाय वाहन ताब्यात द्यायचे नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४२ तर विक्रेत्यांसाठीच लिहिलेला आहे. मला मात्र ‘बिनधास्त चालवा, सणाच्या दिवसांत कोणी अडवत नाही’ असा सल्ला मिळाला. बिननोंदणीच्या गाडीला पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दंडाचे सोडा, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा विमा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलेले आहे. मी गाडी चालवली नाही. ती अंगणात आच्छादनाखाली उभी राहिली, दिवाळी गेली, तुळशीचे लग्न लागले, कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि त्यानंतर कधीतरी पाटी आली. काचेवर लावायचा फिकट निळा स्टिकर मात्र ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून आजही आलेला नाही. त्याचे पैसे घेतलेले आहेत, हे पुन्हा सांगते.

मला हे लिहिताना आनंद होत नाही. आमच्या घरात आलेली पहिली चारचाकी आपलीच होती आणि तिच्यावरच मी गाडी शिकले, म्हणून या वेळी दुसऱ्या कोणत्याही शोरूमची पायरी चढले नाही. आमच्या पतसंस्थेत वाहनकर्जासाठी येणारी माणसे ‘कुठली घेऊ’ असे हमखास विचारतात. पूर्वी मी एक नाव सांगत असे. आता मी त्यांना कोटेशनमधली ‘आर.टी.ओ.’ची ओळ फोडून मागा, कर, शुल्क, बोजा असे वेगवेगळे लिहून घ्या, एवढेच सांगते आणि त्या ओळीवर शोरूमवाल्यांचा चेहरा कसा होतो ते बघायला सांगते.

माझी मागणी अशी आहे. सरकारी पावत्यांपेक्षा जास्त घेतलेली पूर्ण रक्कम, ‘हाताळणी’ व ‘नंबर प्लेट’च्या नावाने घेतलेल्या रकमांसह, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा व्हावी. नोंदणीतला मोबाइल क्रमांक विक्रेत्याने स्वखर्चाने माझ्या नावे दुरुस्त करून द्यावा व राहिलेला स्टिकर लावून द्यावा. आजच्या फोनचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, कारण मी ते मागणार आहे. आणि ‘वरखर्च’ हे कंपनीचे अधिकृत धोरण आहे की नाही, ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यावे.

तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार ही तक्रार मी राहते त्याच जिल्ह्यात करता येते, त्यामुळे तारखांना मला नव्हे, आपल्या वकिलांना प्रवास करावा लागेल. विक्रेत्यांच्या व्यवसाय प्रमाणपत्राबाबत, क्रमांकाविना गाडी ताब्यात दिल्याच्या फोटोसह, परिवहन कार्यालयाकडेही अर्ज करीन. फोटो त्यांनीच काढून मला पाठवलेला आहे, किल्ली आणि कागदी पाटी दोन्ही त्यात स्पष्ट दिसतात.

सोबत दोन्ही कोटेशन, बीजक, सरकारी पावत्या आणि साध्या कागदावरची ती पावती यांच्या प्रती जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपली,
वाहनमालक
(नोंदणी प्रमाणपत्रावर नाव माझेच आहे.)