एव्होराच्या सहलीत शहराला वेळ मिळावा

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत पोर्तुगालमधील लिस्बनहून एका दिवसात करता येणाऱ्या एव्होरा शहर आणि वाइनरीच्या मार्गदर्शित सहलीची शिफारस वाचली. शिफारस रास्तच आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी तटबंदीच्या आत पायी फिरायला नेमका किती वेळ मिळणार, हे वाचकांनी आयोजकांना अवश्य विचारावे. आम्ही गेलो तेव्हा रोमन मंदिरासमोर छायाचित्रे काढून होतात न होतात तोच सर्वांना बसकडे पिटाळण्यात आले आणि उरलेली दुपार चषकांच्या संगतीत गेली.

लिस्बनच्या पूर्वेस सुमारे १३० किलोमीटरवर, आलेंतेजू प्रांतात असलेल्या या शहराचा तटबंदीतील भाग १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील रोमन मंदिराला ‘डायनाचे मंदिर’ म्हणण्याचा प्रघात पुष्कळ नंतरचा. मध्ययुगात खांबांमधील मोकळ्या जागा भिंतींनी बुजवून त्याचा चक्क कसाईखाना करण्यात आला आणि एकोणिसाव्या शतकात त्या भिंती पाडल्यावर आतले खांब पुन्हा मोकळे झाले. म्हणजे जी विटंबना वाटते, तिनेच या वास्तूला तारले, असे म्हणावे लागते! अस्थींनी मढवलेले चॅपेल बहुतेक सहलींत असतेच. सोळाव्या शतकातील जलवाहिनीकडे मात्र फारसे कोणी नेत नाही. तिच्या उंच कमानी शहरात शिरताना हळूहळू ठेंगण्या होत जातात आणि त्या कमानींच्या पोटात लोकांनी घरे बांधली आहेत. दोन दगडी खांबांच्या मधोमध एखादे दार, एखादी खिडकी दिसते आणि आत माणसे नांदत असतात.

वाइनरीला माझा मुळीच विरोध नाही. उलट, ‘ताल्या’ नावाच्या माणसाएवढ्या उंच मातीच्या रांजणांत वाइन करण्याची या प्रांतातील पद्धत रोमन काळापर्यंत मागे जाते. आतून राळेचा लेप दिलेल्या या रांजणात द्राक्षे आंबत असताना वर तरंगणारा सालींचा थर लाकडी दांड्याने रोज खाली दाबावा लागतो. पुढे तोच चोथा तळाशी बसतो आणि त्यातून गाळली जाणारी वाइन रांजणाच्या खालच्या भोकातून काढतात. परंपरेने रांजण ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी उघडतात. सकाळचे मंदिर आणि दुपारचा रांजण यांचा हा धागा जो मार्गदर्शक जोडून दाखवील, त्याचीच सहल खरी. एरवी ती केवळ मद्यपानाची फेरी होते, आणि त्यासाठी इतक्या लांब जाण्याची गरज नाही.

अशा सहलींची माहिती छापताना शुल्काच्या जोडीला शहरातील पायी फेरीचा अवधी आणि वाइनरीत ताल्या पाहायला मिळतात की केवळ चव घेण्याची सोय आहे, हा तपशीलही आपण द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक