ताई, तुम्ही फोन ठेवला नाहीत

ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नुसतं तुम्हाला थँक यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं, त्यामुळे आता पूर्ण ऐकून घ्या.

अडखळत बोलणाऱ्यांना तुम्ही मदत करता म्हणून तुम्हाला पहिला फोन केला, त्या रात्री मी तीन वेळा नंबर लावून कट केला होता. चौथ्यांदा तुम्ही उचललात आणि नाव विचारलंत. माझं नाव प पासून सुरू होतं. ओठ मिटले ते मिटलेच, आवाज नाही, श्वास नाही, काहीच नाही. एरवी शब्द अडला की मी पटकन दुसरा शब्द टाकतो, अख्खं आयुष्य असंच काढलंय, पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार. अशा वेळी समोरचा माणूस हॅलो हॅलो करतो, आवाज येत नाहीये म्हणतो आणि ठेवून देतो. तुम्ही ठेवला नाहीत, हॅलोसुद्धा म्हणाला नाहीत. तुमच्याकडच्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता, इतकी शांतता होती. शेवटी नाव बाहेर आलं, तुम्ही ते नीट म्हणून दाखवलंत आणि मग विचारलंत, "मु-मु-मुलासाठी फोन केलाय की स्वतःसाठी?" तुम्ही ते लपवलं नाहीत, सॉरी म्हणाला नाहीत, घाईसुद्धा केली नाहीत. वयाच्या ३८ व्या वर्षी मी पहिल्यांदा असं माणूस ऐकत होतो जे अडखळतंय आणि तरी निवांत बोलतंय.

मी म्हणालो मुलासाठी. माझ्यासाठीही होता ते कळायला पुढे बरेच महिने गेले.

त्या दिवशी फोन का केला ते तेव्हा धड सांगता आलं नव्हतं. लेक सात वर्षांचा होता, शाळेतलं काहीतरी सांगत होता, एका शब्दावर अडकला, डोळे घट्ट मिटले, मान झटकली, आणि मग म्हणाला, "जाऊ दे बाबा, काही नाही." ताई, हे माझं वाक्य आहे. मी ते वर्गात म्हटलंय, ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्हटलंय, लग्नाआधी बायकोला काय काय सांगायचं होतं तेव्हा म्हटलंय. ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

त्याआधी तीन वर्षं आम्ही वाट बघत बसलो होतो, कारण सगळे म्हणायचे मोठा झाला की जाईल. तुम्ही नीट समजावलंत की ते अगदीच खोटं नाही, दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं आणि बहुतेक मुलांचं आपोआप जातं, पण घरात आधी कुणाला असेल, मुलगा असेल, आणि वर्ष उलटून गेलं तरी चालूच असेल तर नुसतं थांबून राहायचं नसतं, स्पीच थेरपिस्टला दाखवायचं. आमच्याकडे तिन्ही होतं. हे कुणी तेव्हाच सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं कधीकधी.

मग मी तो प्रश्न विचारला, माझ्यामुळे झालं का म्हणून. तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणालात की हो, घराण्यात येतं, २०१० साली तर याच्याशी संबंधित जीन्सही सापडले, मेंदूत बोलण्याची जी जुळवाजुळव होते तिथला हा फरक आहे. आणि मग म्हणालात, "त्याचं नाक पण तुमच्यासारखं असेल ना, त्याची माफी मागता का?" माझ्या बायकोला नातेवाईकांनी ऐकवलं होतं की तू ओरडतेस म्हणून पोरगं असं बोलतं. तिला तुम्ही वेगळा फोन केलात, जवळजवळ तासभर बोललात. एके काळी मोठमोठे अभ्यासकसुद्धा आईबापांना दोष द्यायचे, अमेरिकेतले वेंडेल जॉन्सन तर म्हणायचे की आईबापांच्या कानातून हे सुरू होतं, म्हणजे पोराचं साधं अडखळणं ते दोष म्हणून ऐकतात तिथून, आणि जॉन्सन स्वतः अडखळणारे होते, पण ती थिअरी कधीच मागे पडलीय, हे तुमच्याकडून ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळी रडली.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते पालकांच्या ग्रुपमधल्या त्या रविवारचे. मुलं पलीकडच्या खोलीत खेळत होती आणि तुम्ही आम्हाला सांगितलंत की आता प्रत्येकाने एका अनोळखी ऑफिसला फोन लावायचा, वेळ विचारायची, आणि मुद्दाम अडखळायचं, किमान तीन शब्दांवर. बायको म्हणाली त्यात काय, मी करते. फोन लागला, ती "कि-कि-कि" म्हणाली आणि पलीकडचा माणूस हसला. हसला आणि म्हणाला, नेटवर्क गेलं का मॅडम. तिने कसंबसं वाक्य पूर्ण केलं, फोन ठेवला, हात थरथरत होता तिचा. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू हे रोज करतोस?" अकरा वर्षं संसार झाला होता आमचा आणि याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. घरी जाताना लेक मागच्या सीटवर झोपला होता आणि मी तिला कॉलेजातला तो कोर्स सांगितला, महिन्याभरात बरं करण्याची गॅरंटी देणारा, जिथे एकेक अक्षर ताल धरून बोलायला लावायचे, खोलीत अगदी सफाईदार बोलायचो मी आणि बाहेर आठ दिवसांत सगळं परत, आणि मी मानलं की माझीच मेहनत कमी पडली. तुम्ही आम्हाला कसलीच गॅरंटी दिली नाहीत, उलट पहिल्याच दिवशी सांगितलंत की यावर खात्रीचं औषध नाही, त्यामुळेच तुमच्यावर विश्वास बसला.

घरी काय करायचं ते तुम्ही इतकं साधं सांगितलं होतं की मला आधी पटलंच नाही. रोज पाच मिनिटं, मोबाईल बाजूला, त्याला हवा तो खेळ, प्रश्नांची सरबत्ती नाही, आपण स्वतः हळू बोलायचं, आणि त्याचं बोलणं संपल्यावर एक क्षण थांबून मग उत्तर द्यायचं. "हळू बोल", "श्वास घे", "नीट विचार करून बोल" हे तीन कायमचे बंद. त्याचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं, ज्याने स्वतः आयुष्यभर लोकांनी शब्द पूर्ण केलेले सहन केलेत तोच बाप पोराचे शब्द पूर्ण करत होता, प्रेमानेच, पण करत होता. जीभ दाताखाली धरून बसायचो अक्षरशः.

शाळेचं मी ठरवून टाकलं होतं, बाईंना सांगायचं की याला मोठ्याने वाचायला लावू नका. तुम्ही म्हणालात आधी त्याला विचारा. त्याला विचारलं तर म्हणाला मला वाचायचंय, पण एकट्याने नको. तुमच्या पत्रात बाईंना लिहिलं होतं की दोघांनी एका सुरात वाचलं तर अडखळणारी मुलंही सहसा सलग वाचतात, मग वर्गात सगळ्यांनाच जोडीने वाचायला लावलं, त्यामुळे तो वेगळा दिसला नाही. पुढे २२ ऑक्टोबरला, अडखळण्याबद्दलचा जागतिक दिवस असतो ना तो, त्याने स्वतःहून वर्गाला सांगितलं की मी अडखळतो, १०० मोठ्या माणसांत साधारण एक जण असा असतो, माझे बाबा पण आहेत, आणि मी थांबलो तर तुम्ही थांबा. बाईंनी रेकॉर्ड करून पाठवलं, तीन मिनिटं वीस सेकंद. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकलं, परत ऐकलं.

तो अजूनही अडखळतो, मीही. काही आठवडे बरे जातात, काही फार वाईट. थेरपिस्टकडे जातोय. डोळे मिटणं कमी झालंय. "जाऊ दे" मात्र मी बरेच महिने ऐकलेलं नाही.

आणि एक निरोप आहे. मागच्या भेटीत तो तुम्हाला ऑक्टोपसचं सांगत होता आणि वेळ संपली म्हणून निघावं लागलं. त्याला तीन हृदयं असतात, इथपर्यंत आला होता, "तीन" वरच बराच वेळ लागला होता आणि त्याने शब्द बदलला नव्हता. पुढचं राहिलंय, म्हणतो ताईंना अजून अर्धंच माहितीय. रोज विचारतोय कधी फोन करणार त्या. जरा वेळ काढून करा, गोष्ट मोठी आहे.

तुमचा,
त्याचा बाबा