बियाणं कोणाच्या मडक्यात आहे ते आधी विचारा

मा. संपादक,

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय, म्हणजे नागपुरात सत्कार, बॅनर, शाली सगळं होईलच. पण आमच्या भिवापूरकडच्या गावात गावरान वाणांची माहिती घ्यायला लोक आले तेव्हा सातबारा पाहून आमच्या मोठ्या बाबांनाच बोलावलं. आता कापूस-सोयाबीन सोडून ते काय सांगणार, बरबटीचं (चवळीचं) बी घरात कुठं ठेवलंय हेच त्यांना माहीत नाही!

ते मोठ्या आईला माहीत. वेलावरच्या भरदार, कीड नसलेल्या शेंगांना ती चिंधी बांधून ठेवते म्हणजे भाजीसाठी कोणी तोडू नये, मग त्या वेलावरच वाळल्या की बी काढायचं, राखेत घोळून मडक्यात भरायचं अन् तोंड शेणमातीनं लिंपायचं. वाण निवडायचा तिचा हिशोबही वेगळा, भाव नंतर, आधी डाळ लवकर शिजते का, भाकर वातड होते का, कडबा ढोरं खातात का.

हे बायांना जन्मतःच कळते असं नाही हं, कामं वाटली गेली तशी माहितीही वाटली गेली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना गावरान बियाण्यांसाठी पद्मश्री मिळाली, पण शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी हा धानाचा वाण काढणारे नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे पुरुषच होते.

खरी भानगड तणनाशकाची आहे. फवारायचं का ते माणूस ठरवतो, अन् निंदणाला बाया भेटत नाही ही त्याची ओरड खोटी नाही. पण निंदायला गेलेली बाई तरोटा, कुंजर, घोळ पदराच्या ओट्यात घेऊन यायची, तिच्या लेखी ते तण नव्हतंच. आता चोरबीटी, म्हणजे तणनाशकानं न मरणारं विनापरवाना कपाशीचं बियाणं, लावून कपाशीत ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात, त्यात भाजी तर जातेच पण मधल्या ओळीत बरबटी-मूगही घेता येत नाही. मग पावसाळ्यात रानभाजी महोत्सवात जाऊन तोच तरोटा विकत घ्या!

वाणांच्या हक्काच्या 2001 च्या कायद्यात पारंपरिक वाण जपणारी, निवडणारी व्यक्तीही शेतकरीच धरलीय. म्हणून माझं म्हणणं एवढंच की नोंदीच्या फॉर्मवर बी राखणाऱ्या बाईचं नाव लिहा, अन् चौकशीला सकाळी अकराला ग्रामपंचायतीत बोलावू नका, तेव्हा ती वावरात असते, संध्याकाळी घरी या.

— एक वाचक, नागपूर