‘सावजी बाधलं’ म्हणून विषय मिटत नाही

मा. संपादक,
स. न.

शौचाच्या नमुन्यातल्या डीएनएवरून मोठ्या आतड्याचा कर्करोग हेरणाऱ्या चाचणीवरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मी बत्तीस वर्षं नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यामुळे या डबीशी माझी जुनी ओळख. रक्त द्यायला माणूस बाही सरसावून ऐटीत बसतो. शौचाची डबी मात्र वर्तमानपत्रात (क्षमा असावी, बहुधा आपल्याच) गुंडाळून, वर दोन पिशव्या चढवून येते. आणणारा ती टेबलाच्या कडेला ठेवतो आणि नजर न मिळवता निघतो. काही जण तर नातवाच्या हाती पाठवतात.

अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली ही चाचणी चांगलीच आहे. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) किंवा गाठीतल्या पेशी झडून मळात येतात, त्यांतले जनुकीय बदल आणि सोबत रक्ताचा अंश ती शोधते. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग पकडले. फक्त रक्ताचा अंश पाहणाऱ्या ‘फिट’ने ७४ टक्के. पण त्याच अभ्यासात कर्करोग किंवा धोक्याचा पॉलिप नसलेल्या दर शंभरांत तेरा जणांचाही अहवाल पॉझिटिव्ह आला, ‘फिट’मध्ये पाच जणांचा. पॉझिटिव्ह आला की कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करावीच लागते. लेखात हे यायला हवं होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी काहीच त्रास नसलेल्यांसाठी आहे. ज्याला रक्त पडतंय त्याने डबीच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टर गाठावा. माझ्या थोरल्या भावाला रक्त पडायचं. ‘सावजी बाधलं, दुसरं काय’ म्हणत त्याने मटण सोडलं, मग तर्री-पोहे सोडले, मग विजेच्या खांबावरची जाहिरात पाहून मूळव्याधीचं औषध घेतलं. दीड वर्ष गेलं. कोलोनोस्कोपी झाली तेव्हा गाठ आतड्याबाहेर पसरली होती. मी घरचाच लॅबवाला. मलाही त्याने सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपुढच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात. आतडं त्यात नाही. आपल्याकडे या रोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे मान्य. म्हणून महागड्या डीएनए चाचणीचा आग्रह मी धरणार नाही. पण मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं आणि महापालिकेचे दवाखाने यांनी पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ‘फिट’पासून सुरुवात करून पाहायला काय हरकत आहे? शौचातलं रक्त शोधणाऱ्या जुन्या चाचणीसारखं तीन दिवस मटण बंद ठेवावं लागत नाही. ‘फिट’ फक्त माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखते. नागपूरकरांसाठी हे काही थोडं नाही!

अडचण आहे ती आपल्या उन्हाची. उन्हात पडलेल्या डबीतलं हिमोग्लोबिन विघटित होतं आणि असलेलं रक्तही अहवालात दिसत नाही. तेव्हा मोहीम हिवाळ्यात घ्यावी, डबी सकाळी दहाच्या आत जमा करून थेट फ्रिजमध्ये ठेवावी आणि ती घ्यायला खिडकी जरा आडोशाला असावी.

आपला,
एक सेवानिवृत्त लॅब टेक्निशियन,
मानेवाडा, नागपूर